पिल्लाची आई दाखवत नाहीत, तिथून परत फिरा

घरात सहा वर्षांची मुलगी आणि गुडघे धरलेल्या सासूबाई, म्हणून कुत्रा शांत स्वभावाचाच हवा, यावर आम्ही दोन महिने खल केला. लॅब्रेडॉर ठरला. जात ठरवायला दोन महिने लावले आणि विकणाऱ्याची चौकशी मात्र दोन फोनांत उरकली.

जाहिरात ऑनलाइन बघितली होती. "४५ दिवसांचं आहे ताई, पहिली लस झालीय, केसीआयचे पेपर महिन्याभरात घरी येतील." (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणारी संस्था.) किंमत १८ हजार, त्यातले ५ हजार आधी. पिल्लाची आई बघायचीय म्हटलं, तर म्हणे बाहेरची माणसं आली की बाकीच्या पिल्लांना इन्फेक्शन होतं. मला ते पटलं! शनिवारी रात्री चाकणच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून आमचं पिल्लू, लाडू, माझ्या हातात आलं.

मंगळवारी त्याने खाणं सोडलं. बुधवारी पहाटे रक्ताचे जुलाब. तो वास मी विसरणार नाही. टेस्ट केली, पार्वो निघाला, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं: सुळे जेमतेम वर आलेले, दाढांचा पत्ताच नाही. म्हणजे पिल्लू महिन्याचं, फार तर दोन-चार दिवस वर. लसीच्या कार्डावर बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर चिकटवतात. आमच्या कार्डावर नुसती पेनाने लिहिलेली तारीख. त्या तारखेला तर ते तीन आठवड्यांचंही नव्हतं, आणि पहिली लस देतात सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर.

कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणजे त्याचे ते ४५ दिवस खरे असते, तरी विक्री बेकायदाच होती. कुणी "४५ दिवसांचं" म्हणालं की तिथेच थांबा. आई बघा, ती राहते ती जागा बघा, पिल्लाचे दात बघा.

सलाईनची सुई टोचायला पुढच्या पायावरचे केस काढले होते. तो पाय माझ्या बोटाएवढा होता. शुक्रवारी सकाळी लाडू गेला. विकणाऱ्याने तोवर नंबर ब्लॉक केला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचं आम्हाला सुचलं, तेही आठवड्याने.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या नव्या पिल्लासाठी लाडूची गादी मागितली. मी दिली नाही. पार्वोचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. गादी जाळली, फरशी ब्लीचने धुतली, आणि काकूंना आधी लसीचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं.