टाचेचं मशीन, दुधाच्या प्रथिनांची पावडर आणि ताईचा मणका

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. कंबर अधूनमधून धरायची. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणातून उठलीच नाही, ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. म्हणून हाडांच्या मोफत तपासणीच्या शिबिराचं कळल्यावर मी आपणहून गेले. पुढच्या शिबिराच्या रांगेत तुमच्यापैकी कुणी उभी राहण्याआधी हे वाचलं जावं, एवढ्यासाठी लिहितेय.

टाचेला गार जेल लावलं, पाऊल मशीनच्या खाचेत ठेवायला सांगितलं आणि मिनिटभरात चिठ्ठी बाहेर आली. हाडांचा स्कोअर मायनस 2.8, लाल पट्ट्यात. पांढरा कोट घातलेल्या मुलीने पेनाने त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला. "मायनस अडीचच्या खाली गेलं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. नुसतं शिंकलात तरी मणका जाईल." ती डॉक्टर आहे का, हे मी विचारलंच नाही. कोट पाहूनच धरून चालले.

तिचं बोलणं बरंचसं खरं होतं, तिथेच मी अडकले. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक घटतं, हाड झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगाला मागे टाकतो आणि पहिल्या काही वर्षांत ही झीज सगळ्यात जास्त असते. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही, त्यात प्रथिनांची जाळी असते, हेही खरं. दुधातल्या एका खास प्रथिनांशावर जपानमध्ये छोटे प्रयोग झालेत, तेही खरं. या सगळ्याच्या शेवटी तिने डबा पुढे केला: 'दुधातली प्रथिनं, खास रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांसाठी'. सहा महिन्यांचा कोर्स, पैसे आगाऊ.

तीन महिन्यांनी त्यांनीच फोन करून पुन्हा बोलावलं. तेच मशीन, तीच टाच. मायनस 2.1. मला रडू आलं. घरी येऊन पहिला फोन ताईला केला.

ताईची गोष्ट वेगळी होती. तिची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, झालेली होती, कंबरेच्या मणक्यांचा स्कोअर मायनस 2.9. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची गोळी सुरू करून पाच महिने झाले होते. मी तिला शिबिरात नेलं. टाचेच्या मशीनने तिला मायनस 1.9 दाखवलं. त्या मुलीने सांगितलं, "गोळीने जबड्याचं हाड सडतं. आता गरज काय? नैसर्गिक घ्या." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला गुण आलाय.

तिने गोळी बंद केली. चौथ्या महिन्यात अर्धी बादली उचलताना पाठीत चमक भरली. आठवडाभर मलम चोळत राहिली, मग एक्स-रे काढला. बारावा मणका दबला होता.

गोळी चालू असती तर मणका वाचलाच असता, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. मात्र गोळी बंद करायला कुणी सांगितलं, हे त्यांनी दोनदा विचारलं. जबड्याचा त्रास होऊ शकतो, पण ऑस्टिओपोरोसिससाठीच्या डोसात तो फार विरळा आणि मणका मोडण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट. मग माझी चिठ्ठी त्यांनी हातात घेतली. मायनस अडीचची रेघ कंबरेच्या आणि खुब्याच्या डेक्सासाठी आखलेली आहे. टाचेच्या अल्ट्रासाउंडचा आकडा त्या रेघेवर मोजायचाच नसतो. पाऊल किती तिरकं ठेवलं, टाच गार होती की गरम, पायाला सूज होती का, यानेही तो हलतो. तीन महिन्यांत हाडाची घनता इतकी वाढल्याचं डेक्सावरसुद्धा दिसत नाही, म्हणून ती तपासणीही वर्ष-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच मशीनवर करतात. माझी डेक्सा झाली: मणक्यांत मायनस 1.6, खुब्यात मायनस 1.3. म्हणजे हाडं थोडी विरळ झालीत, ऑस्टिओपोरोसिस नाही. त्या मशीनने मला उगाच घाबरवलं आणि जिला जपायला हवं होतं तिला निर्धास्त केलं.

त्या रात्री मी भिंग घेऊन डब्याची मागची बाजू वाचली. आधी कधीच वाचली नव्हती, याचं आजही वाईट वाटतं. घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, दुसरं साखर, तिसऱ्या नंबरवर दुधाची भुकटी. शंभर ग्रॅममागे प्रथिनं 11 ग्रॅम. दिवसाला दोन चमचे, म्हणजे 30 ग्रॅम पावडर, म्हणजे जेमतेम 3.3 ग्रॅम प्रथिनं. तेवढी शंभर मिलिलिटर साध्या दुधात असतात, शिवाय साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. जपानमधल्या त्या खास अंशाचं तर डब्यावर नावही नव्हतं.

आणि पावडर अस्सल असती तरी? 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तर ते ऐंशी वयाच्या 219 बायकांपैकी एका गटाला दोन वर्षं रोज 30 ग्रॅम व्हे प्रथिनं, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं, दिली. हाडांच्या घनतेत दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला नाही. प्रथिनं लागतातच, कमी खाणाऱ्या बाईला तर नक्कीच, स्नायू टिकले तर तोल जाऊन पडणंही कमी होतं. पण मोडायला आलेल्या हाडावर ते औषध नव्हे. कुणी चालू गोळी सोडायला लावून डबा हातात देत असेल तर तिथून उठा. दोन्ही एकदम घ्या म्हणाला तरी ऐकू नका. अलेंड्रोनेट उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते, दूध किंवा कॅल्शियम बरोबर गेलं की ती अंगी लागतच नाही.

मी पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी 'हे औषध नाही, आहारपूरक आहे' ही बारीक ओळ दाखवली. फोडलेले आणि न फोडलेले डबे, दोन्ही चिठ्ठ्या आणि पावत्या जोडून मी लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशा चिठ्ठ्या असतील तर टाकून देऊ नका.

ताईची उंची दोन सेंटिमीटरने कमी झाली. गोळी पुन्हा सुरू आहे. ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, म्हणून दर रविवारी सकाळी ती खिडकीशी ताठ बसून मला फोन लावते आणि तेवढा वेळ आम्ही बोलत राहतो. मी तिला शिबिरात नेलं, हा विषय तिने एकदाही काढलेला नाही.