टियागो ईव्ही : गाडी झकास, पण शोरूमच्या आधी वायरमनला गाठा

सांगलीत हिरव्या नंबरप्लेटची गाडी दारात उभी दिसली की येणारा-जाणारा प्रत्येकजण तीन प्रश्न विचारतो. किती पळते, चार्ज व्हायला किती वेळ आणि बॅटरी गेली तर काय. तेच तेच सांगून कंटाळलोय म्हणून एकदाच सगळं टाइप करून टाकतो, पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवणार.

गाडी टाटा टियागो ईव्ही, 24 युनिटची मोठी बॅटरीवाली. 2022 ला आली तेव्हा कंपनीचा आकडा 315 किलोमीटर होता. तो आकडा टेस्टमधला, आणि टेस्टमध्ये एसी लावून मिरज-सांगली रोडला सिग्नलवर कोण थांबत नाही. गावात नीट चालवली, एसी गरजेपुरता, तर 190 ते 210 मिळतात. स्पोर्ट मोडला टाकून सारखं पाय दाबत बसलात तर कमी. हायवेला 90 च्या वर गेलात की 150-160 धरूनच निघायचं, उन्हाळ्यात तर अजून थोडं हातात ठेवून. विश्रामबाग-मिरज-मार्केट यार्ड असं रोजचं फिरणं असणाऱ्याला हे आठवडाभर पुरतं, त्यामुळं रेंजची भीती वगैरे जे म्हणतात ते गावात आठ दिवसात निघून जातं.

चालवायला एकदम मस्त. आवाज नाही, गिअर नाही, क्लच नाही. ट्रॅफिकमध्ये रीजन 3 वर टाकलं की ब्रेकवर पाय क्वचित जातो, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप हळू होते आणि तेवढीच थोडी बॅटरीपण भरते. पहिले चार दिवस मागं बसलेल्यांना मळमळतं, नंतर तुमचाच पाय शिकतो. मागं तीन मोठी माणसं म्हटलं तर अंग चोरून बसावं लागतं, पण छोट्या गाडीत ते असणारच, त्याचं काय.

आता खरा विषय, घरचं चार्जिंग. लोक गाडीचे फीचर तासभर बघतात, आणि चार्जिंगचं विचारलं की सेल्समन म्हणतो "15 अँपिअरचा पॉईंट असला की झालं साहेब". झालं नाही. पॉईंट असतो ओ, पण त्याच्यामागं अर्थिंग असतं का? जुन्या घरात तिसऱ्या पिनला वायर नुसती लोंबकळत असते नाहीतर नळाच्या पाईपाला गुंडाळलेली असते. फ्रिज, मिक्सर त्यावर निमूट चालतात, गाडीचा चार्जर चालत नाही, तो लाल दिवा दाखवून गप्प बसतो आणि तेच बरोबर आहे, कारण रात्रभर सलग तीन किलोवॅटच्या आसपास लोड ओढायचाय. आमच्याकडं अंगणात नवीन खड्डा मारून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, मीटरपासून जाड वायर वेगळी ओढली, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकली. वायरमन म्हणाला, "दादा, ह्याच्यात गिझर पण लावून टाकू का?" म्हटलं, नको रे बाबा, हा पॉईंट फक्त गाडीचा. आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून तर अजिबात करू नका, बोर्ड वितळलेले फोटो ग्रुपवर येतच असतात.

घरच्या पॉईंटवर 10 टक्क्यांपासून फुल व्हायला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात. रात्री जेवून लावायची, सकाळी काढायची. 7.2 किलोवॅटचा फास्ट चार्जर घेतला तर साडेतीन-पावणेचार तासात होतं, पण त्यासाठी गाडीचं तसं व्हेरियंट लागतं आणि महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा लागतो. रात्र आपलीच असताना एवढी घाई कशाला असं माझं मत. लाईट गेली तर चार्जिंग थांबतं, आली की परत सुरू होतं, आमच्याकडं तरी पहाटे उठून बघायला लागत नाही.

खर्चाचं गणित मात्र व्हॉट्सॲपवर फिरतं तसं नाही, हे कोणी नीट सांगत नाही. "एक रुपयात किलोमीटर" म्हणणारे लोक पहिल्या 100 युनिटचा रेट धरतात. महावितरणचे घरगुती स्लॅब महिन्याला 100, 300, 500 युनिट आणि त्याच्यावर असे आहेत, 100 ओलांडले की रेट जवळपास दुप्पट होतो, वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) आणि 16 टक्के वीज शुल्क. तुमच्या घराचे पहिले 100 युनिट फ्रिज-टीव्ही-पंपानंच खाल्लेले असतात, म्हणजे गाडीचं प्रत्येक युनिट हे वरच्या स्लॅबमधलं. महिना हजार किलोमीटर म्हणजे 135-140 युनिट वाढतात (24 ची बॅटरी भरायला भिंतीतून 27 च्या आसपास जातात, वरचे चार्जरमध्ये उष्णता होऊन उडतात). मला सगळं धरून युनिट 13 रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. पेट्रोलच्या गाडीला आजच्या भावात सहा रुपये सहज जातात, त्यामुळं फायदा आहेच, भरपूर आहे. पण घरात दोन एसी आहेत, आधीच 300 युनिटच्या वर बिल येतं, असं असेल तर गाडीचं युनिट बरंच महाग पडतं आणि घरच्या आणि बाहेरच्या चार्जिंगमधला फरक फार उरत नाही. अशा घरानं आधी छतावर सोलर बघावं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे आणि 3 किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला 12 युनिट सहज देतं, नेट मीटर असलं की दिवसा बनलेलं रात्री गाडीत गेलं तरी हिशोब जुळतो. माझ्या शेजारच्या काकांनी उलटं केलं, आधी सोलर टाकलं, आता उरलेले युनिट संपवायला गाडी शोधतायत.

बाहेरच्या चार्जिंगवर आता जरा मन मोकळं करतो. सांगली-पुणे साधारण 230 किलोमीटर, पेठ नाक्याला हायवेला लागायचं, कराड-सातारा पट्ट्यात कुठंतरी थांबायचंच. हायवेवरच्या मोठ्या फास्ट चार्जरवर (घरच्या 7.2 वाल्यावर नाही) 10 ते 80 टक्के तासाभरात होतं आणि 80 नंतर गोगलगाय, त्यामुळं 80 ला काढून निघावं. 60 किलोवॅटचा बोर्ड बघून खूश होऊ नका, ही गाडी तेवढा करंट घेतच नाही, तिला 30 चा पण पुरतो. मोठ्या बॅटरीवाला मागं थांबला असेल तर त्याला तो 60 चा देऊन तुम्ही बाजूचा घेतलात तर दोघांचं भलं.

त्रास यंत्राचा कमी, व्यवस्थेचा जास्त. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात वॉलेट वेगळं, प्रत्येकात आपले दोन-तीनशे रुपये अडकून पडलेले. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) ॲपमध्ये चार्जर हिरवा दाखवतोय, गेलो तर स्क्रीन बंद, हॉटेलचा पोरगा म्हणतो "ते दिवाळीपासनं बंदच हाय". दुसरीकडं चार्जर चालू, पण समोर डिझेलची भली मोठी गाडी लावून मालक आत मिसळ खातोय. बोलवायला गेलो तर "पाचच मिनिटं ओ". तर्री दोनदा मागून घेतली त्यांनी. रेट बघाल तर 18 टक्के जीएसटी धरून युनिटला 20-24 रुपये, हायवेच्या रेंजनं किलोमीटरला साडेतीन रुपये होतात. पेट्रोलपेक्षा कमीच, पण रोज बाहेर चार्ज करून गाडी चालवायची असेल तर मी घ्या म्हणणार नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी तर आधी सोसायटीची लेखी परवानगी आणि मीटर ते पार्किंग वायरचा खर्च हातात घ्यावा, मगच बुकिंग.

टोलचं पण विचारतात. 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू इथं इलेक्ट्रिक चारचाकीला टोलमाफी दिलीय. आपला पुणे-कोल्हापूर हा नॅशनल हायवे, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर सगळीकडं फास्टॅग कापतो. आम्हा दक्षिण महाराष्ट्रवाल्यांच्या वाट्याला नेहमीप्रमाणं काय नाही!

खंबाटकी घाट चढताना टक्के डोळ्यादेखत उतरतात, घाबरू नका, पलीकडं उतारावर थोडे परत येतात. सगळे येत नाहीत.

आणि सांगलीकरांचा खास प्रश्न, पुरात काय? बॅटरीला आयपी 67 आहे, म्हणजे टेस्टमध्ये एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसात चार्ज करायला, रस्त्यावर साठलेल्या पाण्यातून हळू काढायला भीती नाही. पण कृष्णामाई अर्ध्या तासात परत जात नाही, 2019 ला बघितलंय सगळ्यांनी. बॅटरी-मोटरला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, ती बिघाडाला, पुराला नाही, तिथं इन्शुरन्सच कामाला येतो. त्यामुळं आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी 40 फुटाकडं सरकायला लागली की आदल्या रात्रीच फुल चार्ज करून गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडं लावायची. लाईट आधी जाते, पाणी नंतर येतं.

गाडीला 5 पैकी 4, घरच्या चार्जिंगला साडेचार (अर्थिंग केल्यावर), हायवेच्या चार्जिंगला 2. त्यातला एक त्या हॉटेलच्या पोराला, खरं बोलला म्हणून.