इस्तंबूलहून आणलेली दुमजली किटली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी बाबांना घेऊन इस्तंबूलला गेले होते. येताना एक चायदानलिक आणलं, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या स्टीलच्या दोन किटल्या. सोबत बारीक कमरेचे सहा काचेचे पेले, मोज्यांत गुंडाळून. आठ महिने संध्याकाळचा चहा यातच होतोय.

आधी पद्धत सांगते, कारण सगळी मजा तिच्यात आहे. खालच्या किटलीत पाणी, वरच्या लहान किटलीत कोरडी पत्ती. पाणी तापेपर्यंत पत्ती वाफेवर नुसती शेकते. उकळी आली की खालचं पाणी वर ओतायचं, खाली पुन्हा भर घालायची, आच अगदी बारीक करायची आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पत्ती तळाशी बसली की चहा झाला. पेल्यात साधारण तिसरा हिस्सा अर्क, वर खालचं गरम पाणी. बाबांना कडक लागतो, मला फिका, दोघांचंही भागतं. चांगला उतरला तर रंग असा येतो की तुर्की लोक त्याला सशाच्या रक्ताची उपमा देतात. दूध अजिबात नाही.

पहिले दोन आठवडे मात्र चहा कडूजहर व्हायचा. मी घरातली नेहमीची दाणेदार सीटीसी पावडर घालत होते. ती दोन-तीन मिनिटांत सगळा अर्क सोडते, पंधरा मिनिटं ठेवली की तुरट होणारच. तिथे काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागातली पत्ती वापरतात. आणलेली पाकिटं संपल्यावर मी लांब पानांच्या ऑर्थोडॉक्स आसामवर आले. चव तीच नाही, पण जवळ जाते.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. इस्तंबूलमधल्या एमिनोन्यूच्या धक्क्यावरून पलीकडच्या कादिकॉयला जाणारी बोट वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात पोहोचते. आम्ही ती सहा दिवसांत अकरा वेळा धरली. बाबांना राजवाडे बघायचे नव्हते, बाहेरच्या बाकावर बसायचं होतं. चहावाला थाळी तोलत यायचा, लोक सीगलना सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या कडेपावाचे, तुकडे भिरकवायचे, मागे मशिदींचे घुमट लहान लहान होत जायचे. बाबा पेला काठाला धरून बसायचे, कारण कानच नाही त्याला. त्या सहा दिवसांत ते जेवढं बोलले, तेवढं आई गेल्यानंतरच्या तीन वर्षांत बोलले नव्हते.

किटली चढवल्यापासून पेल्यात चहा पडेपर्यंत पंचवीस मिनिटं तरी जातात. एवढा वेळ ओट्यापाशी थांबणं आधी जिवावर यायचं. मग एक दिवस चमचा काचेवर किणकिणला आणि बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले, स्टूल ओढून तिथेच बसले. तेव्हापासून रोज येतात. दिवा, गालिचा, फोटो, सगळं आणलं होतं. त्यांच्याकडे आता आमचं लक्षही जात नाही. हा आवाज मात्र दरवेळी त्या बाकावर नेऊन बसवतो.

त्रुटीही आहेत. ओतताना वरचं झाकण धरावंच लागतं, नाहीतर पेल्यात पडतं. खालच्या किटलीत क्षारांचा पांढरा थर बसतो. पंधरवड्याला व्हिनेगर घालून उकळते. एकदा पाणी आटेपर्यंत विसरले, तळावर निळसर डाग पडला तो कायमचा. इंडक्शनवर चालवणार असाल तर तळाला चुंबक चिकटतो का ते घेतानाच बघा. पेले फार नाजूक, सहाचे चार उरलेत. एकटं राहणाऱ्याला एका कपासाठी हा पसारा घ्या असं मी म्हणणार नाही.

काल मी फोनवर बोलत होते, आच बारीक करायची राहिली. बाबांनीच उठून केली. झाकण उचलून आत डोकावले आणि म्हणाले, "अगं ये, कादिकॉय आलं."