अप्रेझलचं नवं ॲप: एका एप्रिलपासून दुसऱ्या एप्रिलपर्यंत वापरून

वर्षभराच्या कामाचे मार्क देणाऱ्या या ॲपला माझे पाचपैकी दोन स्टार. एक तारखेसकट राहणाऱ्या नोंदींसाठी, दुसरा साध्या मोबाईलवरही न अडकता चालतं म्हणून. बाकीचे तीन का कापले ते सविस्तर लिहितो, कारण बेळगावकडच्या उद्यमबाग, माच्छे, होनगा, हत्तरगीकडच्या कारखान्यांत अशी सॉफ्टवेअरं येऊ लागलीत आणि डेमो द्यायला येणारा माणूस रंगीत आलेख दाखवून, चहा पिऊन जातो.

मी एका मोठ्या कंपनीच्या बेळगाव प्लांटला मशीन शॉपमध्ये आहे. हाताखाली माणसं आहेत, वरतीही आहेत. त्यामुळे मार्क देतोही आणि घेतोही. कंपनीचं आणि ॲपचं नाव लिहीत नाही. नोकरी अजून तिथंच आहे.

आधी चांगलं ते सांगतो. पूर्वी मार्चमध्ये एक कागद यायचा आणि साहेब म्हणायचे, "सही कर, बाकी मी बघतो." आता वर्षात केव्हाही नोंद टाकता येते, फोटो जोडता येतो. जूनमध्ये वाचवलेला जॉब (मशीनवरचा नग) मार्चपर्यंत कुणाच्याच डोक्यात राहत नाही, तो इथं राहतो. पगारपत्रक, रजा सगळं त्याच ठिकाणी. इथवर तक्रार नाही.

पहिली अडचण स्वतःबद्दल लिहायच्या रकान्याची. मेनू कानडीतही दिसतो, पण लिहायचं इंग्रजीतच, असा एचआरचा नियम. आमच्या कोअर शॉपमधल्या मामांनी पावसाळ्यात कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) ओल धरतात आणि त्यातून कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, येतात हे हेरलं. ओव्हनमधून निघालेला कोअर साच्यात बसेपर्यंत ताटकळत ठेवायचा नाही, अशी शिस्त लावली. रिजेक्शन डोळ्यांना दिसेल इतकं खाली आलं. मामांनी ॲपमध्ये लिहिलं, "कोअर प्रॉब्लेम सॉल्व्ड." त्या मीटिंगला वही घेऊन बसलेल्या प्लॅनिंगच्या पोरानं तेच काम "क्रॉस-फंक्शनल इनिशिएटिव्ह लीड केला" म्हणून पाच ओळींत मांडलं, वर स्लाईड जोडली. त्याला चार मिळाले, मामांना तीन. पोरगं वाईट नाही, हुशार आहे. पण ओव्हनजवळ तो कधी उभा राहिलेला मी बघितला नाही.

(यात सीमाप्रश्न कुणी आणू नये. आमच्या वरच्या साहेबांत मराठी आहेत, कानडी आहेत, पुण्याहून आलेलेही आहेत. डावलायच्या बाबतीत तिघांचं छान जमतं.)

खरी गोम आहे ती बेल कर्व्हमध्ये. आम्ही दिलेले मार्क हे अंतिम नसतातच. ते 'कॅलिब्रेशन'ला, म्हणजे सगळ्यांचे मार्क जुळवायच्या मीटिंगला, जातात आणि तिथं टक्केवारी ठरलेली: सगळ्यात वर १० टक्के, तळाला ५ टक्के, बाकीचे मधे. ही कल्पना जुनी आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी २०-७०-१० अशी वाटणी गाजवली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. पुढे मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडून दिली. आमच्याकडे ती आता पोचली.

हजारो माणसांना कदाचित हे गणित लागू पडत असेल. आमच्या टूल रूममध्ये नऊ जण आहेत. नवाचे दहा टक्के म्हणजे एक माणूससुद्धा पुरता होत नाही. मग ॲप टूल रूमला मेंटेनन्सच्या गटात ढकलतं, आणि त्या गटातून कोण वर जाणार हे मीटिंगमध्ये कुणाचा आवाज मोठा यावर ठरतं. टूल रूमचे प्रमुख मवाळ गृहस्थ, रिटायरमेंट जवळ आलेली. झालं.

शिवाय बढतीची अट आहे सलग दोन वर्षं वरच्या दोन श्रेणींत असण्याची. म्हणजे एका वर्षी कर्व्ह बसवायला तुम्हाला एक पायरी खाली ढकललं, की मोजणी परत पहिल्यापासून. मी माझ्या एका फिटरला चार दिले होते; परत आले तेव्हा तीन होते. कारणाचा रकाना रिकामा. विचारलं तर साहेब हसून म्हणाले, "मुंदिन वर्ष नोडोण." (पुढच्या वर्षी बघू.) त्याच महिन्यात एक जागा भरली गेली. ती रिकामी होती हे आम्हाला बढतीच्या कुंद्याचा (इथली मिठाई) डबा फिरला तेव्हा कळलं. ॲपमध्ये अंतर्गत जागा जाहीर करायची सोय आहे, मी स्वतः बघितलीय. ती बंद ठेवलेली आहे.

म्हणून सगळा दोष सॉफ्टवेअरला देणं मला पटत नाही. वशिला आधीही होता. फरक इतकाच की आधी साहेबांच्या तोंडावर "तुम्ही मर्जीतला माणूस घेतला" असं म्हणता यायचं. आता ते स्क्रीन फिरवून दाखवतात: "सिस्टीमनं दिलंय बाबा, माझ्या हातात काय आहे?" निर्णय तोच, फक्त त्याला आता दोन दशांश स्थळं लागलीत.

याचा परिणाम डॅशबोर्डवर दिसत नाही, शिफ्ट बदलताना दिसतो. पूर्वी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं: 'तीन नंबरचा इन्सर्ट लवकर झिजतोय, ऑफसेट बघा.' आता पानभर नुसतं 'ओके, ओके'. कायझेनचे (कामात सुधारणा सुचवायचे) फॉर्म महिन्याच्या शेवटी मागून घ्यावे लागतात. गेल्या महिन्यात एका फिक्स्चरबद्दल (जॉब पकडून ठेवायचं साधन) मी जरा खोलात शिरलो तर आयटीआयचा एक पोरगा म्हणाला, "सर, हे केआरएत हाय काय? नाही न्हवं? मग कशाला डोकं लावूलालाय तुम्ही?" केआरए म्हणजे वर्षासाठी ठरवून दिलेली, मार्कांची कामं. मला उत्तर सुचलं नाही. हातात कसब असलेले दोघं जण हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडकडे (विशेष आर्थिक क्षेत्र) गेले, एक गोव्याला वेर्ण्याला. एक्झिट फॉर्मवर तिघांचंही कारण 'वैयक्तिक', कारण ड्रॉपडाऊनमध्ये पहिलाच पर्याय तो आहे.

कायद्याचं थोडं, कारण बरेच जण विचारतात. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या पाचव्या परिशिष्टात अनुचित प्रथांची यादी होती. गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं तिच्यात होतं. कामगारांत फूट पाडायला किंवा युनियन खिळखिळी करायला लायकीशिवाय बढती देणंही होतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी यादी आहे. शिवाय २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समान हवेत. पण सुपरवायझरचं काम आणि महिना १८,००० च्या वर पगार असेल तर तुम्ही या संरक्षणाच्या बाहेर. म्हणजे पहिली बढती मिळाली की दुसरीबद्दल भांडायचा रस्ता अरुंद होतो. माझ्यासारखे त्यात अडकलेले.

तुमच्याकडे असं ॲप येत असेल तर डेमोच्या वेळीच विचारून घ्या: कॅलिब्रेशनच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही मार्क माणसाला दिसणार का? मार्क बदलणाऱ्याला कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार का? आमच्या ॲपमध्ये या दोन्ही सोयी सेटिंगमध्ये आहेत, एक टिक मारायचं काम. छोट्या विभागांना कर्व्हमधून वगळता येतं, तेही विचारा. आणि स्वतःच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, वर्ष बंद झालं की जुन्या नोंदींचं पान उघडत नाही.

नवं चक्र सुरू झालंय. उद्दिष्टांचा फॉर्म भरायचा आहे आणि टीममधल्या दोघांनी विचारलं, मागच्या वर्षीचाच कॉपी करून टाकला तर चालतो काय. करून बघितला. चालतो, ॲप अडवत नाही.