कॉपरबँड बटरफ्लायसाठी क्वारंटाइन टाकी: वडोदऱ्यातील नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मी पहिला कॉपरबँड बटरफ्लाय हा लांब चोचीचा समुद्री मासा विकत आणला आणि दुकानदाराच्या 'हा सगळं खातो' या शब्दावर विसंबून त्याच दिवशी मुख्य टाकीत सोडला. त्याने एकदाही अन्नाला तोंड लावले नाही. आठव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि बाराव्या दिवशी तो गेला. जाताना इतर दोन माशांनाही त्याने क्रिप्टोकॅरिऑनची, म्हणजे हे पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीची, लागण करून ठेवली होती. या परजीवीच्या तळाशी चिकटलेल्या कोशांतून पिल्ले बाहेर पडायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून उरलेले मासे बाहेर काढून मुख्य टाकी पूर्ण 76 दिवस माशांविना ठेवावी लागली. दुसरा मासा आणण्यापूर्वी मी दांडिया बाजारातील आमच्या घरी वेगळी क्वारंटाइन टाकी, म्हणजे नवा मासा आधी काही आठवडे एकटा ठेवण्याची टाकी, मांडली ती या अनुभवामुळे. त्या टाकीच्या नऊ महिन्यांच्या वापराबद्दल येथे लिहितो आहे.

टाकी साधी काचेची, सुमारे शंभर लिटरची आहे. तळाला वाळू नाही, लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे आहेत. महिनाभर आधीपासून मुख्य टाकीच्या खालच्या टाकीत ठेवून जिवाणूंची वाढ करून घेतलेला स्पंज फिल्टर, वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप आणि झाकणाऐवजी जाळी एवढीच सामग्री. पाणी आरओ-डीआयचे (गाळून क्षारमुक्त केलेले) आणि त्यात समुद्री मीठ, विशिष्ट गुरुत्व 1.025. काचेवर मी पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली आहे आणि माझ्या मते सर्व साहित्यात सर्वाधिक उपयोगी तीच ठरली. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ आणि औषध मागेच राहतात, म्हणून रेघेपर्यंत रोज गोडे पाणी घालावे लागते. पाणी बदलताना मात्र नव्या खाऱ्या पाण्यात औषध मोजून मिसळावे लागते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर औषधाची मात्रा नकळत वाढते किंवा उतरते.

पाणी थंड ठेवण्यासाठी घेतलेल्या पंख्याबद्दल मात्र माझी निराशा झाली. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो, परंतु मासा आला तो ऑगस्टमध्ये, जेव्हा वडोदऱ्याची हवा दमट असते, वाफ नीट होत नाही आणि पंख्याचा उपयोग नाममात्र राहतो. शेवटी टाकी एसीच्या खोलीत हलवली, तेव्हा पाणी 26 अंशांवर स्थिर झाले.

आता मुख्य मुद्दा. क्वारंटाइन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली येते. कॉपरबँडच्या बाबतीत मी पहिले तीन आठवडे केवळ त्याला खायला शिकवण्यासाठी राखून ठेवले. परजीवी मारण्यासाठी देतात त्या तांब्याच्या औषधाने भूक मंदावते, आणि आधीच उपाशी, पोट आत गेलेल्या माशाला ते देणे मला धोक्याचे वाटते. अंगावर पिवळसर धूळ उडाल्यासारखी दिसली किंवा श्वास जोरात चालू लागला, तर मात्र वेलवेट या झपाट्याने मारणाऱ्या परजीवी रोगाची शंका धरून औषधासाठी एक दिवसही थांबू नये.

पहिले पाच दिवस त्याने काहीही खाल्ले नाही. या माशाची लांब चोच खडकांच्या फटींतील जंत आणि बारीक जीव टिपण्यासाठी घडलेली आहे, पाण्यात तरंगणारा तुकडा हे अन्न आहे हे त्याला कळतच नाही. म्हणून माशांविना ठेवलेल्या मुख्य टाकीतून एप्टेशिया (तणासारखे वाढणारे लहान समुद्रफूल) उगवलेला एक लहान खडक आणून ठेवला. सहाव्या दिवशी त्याने त्यावर पहिली चोच मारली, तेव्हा खोलीतल्या आम्हा दोघांनाही हुश्श झाले. त्यानंतर मुंबईहून येताना मावसभावाने बर्फात आणलेल्या तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) उघडून, अर्धा शिंपला मांसासकट तळाशी ठेवू लागलो. शिंपल्यातून टिपून खाणे त्याला लगेच जमले. पुढे त्याच शिंपल्यात तिसरीच्या मांसाबरोबर गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून दडवायचे, दर दोन-तीन दिवसांनी मांस कमी आणि मायसिस जास्त करत जायचे, आणि अठराव्या दिवशी तो रिकाम्या शिंपल्यातील निव्वळ मायसिस खात होता. उरलेले अन्न दीड तासात काढावेच लागते, कारण लहान टाकीत अमोनिया फार लवकर चढतो. अंड्यांतून ताज्या निघालेल्या आर्टेमिया या सूक्ष्म कोळंबीने त्याचे लक्ष वेधले, पण पोट भरले नाही. लसणाच्या अर्काचा मला काहीही फरक दिसला नाही.

मग खडक काढला, कारण तो तांबे शोषून घेतो आणि नंतर मुख्य टाकीत परत ठेवण्यालायक राहत नाही. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेले) तांबे पाच दिवसांत हळूहळू 2.0 पीपीएमपर्यंत नेले आणि महिनाभर तेथेच ठेवले. हा आकडा केवळ चिलेटेड प्रकाराचा आहे, इतर प्रकारांची मात्रा बरीच कमी असते. मोजण्यासाठी पट्ट्या न वापरता डिजिटल रंगमापक घ्यावा, त्यावर केलेला खर्च मला आजही योग्य वाटतो. याच काळात अमोनिया नाहीसा करणारे द्रव घालण्याचा मोह होतो, परंतु त्यातील काही रसायने तांब्याला अधिक विषारी करतात, म्हणून मी केवळ पाणी बदलत राहिलो. तांबे संपल्यावर प्राझिक्वांटेल या जंतांवरील औषधाचे दोन डोस आठवड्याच्या अंतराने दिले.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो मुख्य टाकीत गेला. तेथे टँग जातीचे चपळ मासे त्याच्याआधी सारे फस्त करतात, म्हणून प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात त्याचा शिंपला मी अजूनही वेगळा ठेवतो आणि दिवसातून चार वेळा थोडे थोडे भरतो. पोट भरलेले आहे, रंग स्वच्छ आहे. दाणेदार खाद्याला मात्र नऊ महिन्यांत त्याने चोच लावलेली नाही. त्यामुळे स्वयंचलित फीडरचा येथे उपयोग नाही आणि आम्ही दोघे एकाच वेळी गावाला जात नाही. ज्यांच्या घरी दुपारी कोणीच नसते, त्यांनी हा मासा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि घ्यायचाच असेल, तर दुकानात तो आपल्या डोळ्यांदेखत खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.