सेलमधला ब्रँड खरा की नकली: वस्तू निरखावी की बिल?

डिस्काउंटच्या दुकानात मायकेल कोर्सची पर्स किंवा रे-बॅनचा गॉगल हातात घेऊन उभं राहिलं की दोन रस्ते असतात. एक तर वस्तू उलटीपालटी करायची आणि शिलाई, चेन, लोगो, काच यांवरून काय ते ठरवायचं. नाहीतर वस्तू काउंटरवर ठेवून आधी टॅग वाचायचा आणि बिलाची चौकशी करायची. सोयीसाठी पहिल्याला नजर म्हणू, दुसऱ्याला कागद. नागपुरात दोन्ही पंथ आहेत. नजरवाले संख्येने जास्त आणि आवाजानेही मोठे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला निघालात की घरातला एक तरी 'मला दाखव, मी एका मिनिटात सांगतो' म्हणणारा सोबत येतोच. मी दोन्ही रस्ते वापरले आहेत आणि आताशा कागदाकडे कललो आहे. पण नजरेची बाजूही कमजोर नाही, म्हणून ती आधी.

'फर्स्ट कॉपी' असं तोंडावर सांगून विकणाऱ्यांना इथे धरलेलं नाही. तिथे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. लुई व्हिताँही सोडून देऊ. ती कंपनी सेल लावत नाही, आउटलेट (सवलतीत माल विकणारं कंपनीचंच दुकान) चालवत नाही, त्यामुळे डिस्काउंटच्या दुकानात तिची नवी कोरी पर्स दिसली की चर्चा तिथेच संपली. घोळ असतो तो मधल्या ब्रँडांचा: कोच, मायकेल कोर्स, अरमानी, फॉसिल, रे-बॅन. यांचा खरा मालही सवलतीत येतो, म्हणून तर नकली त्यात सहज मिसळतो.

गॉगलच्या बाबतीत नजर खरंच कामाची आहे. रे-बॅनच्या काचेवर बिजागरीजवळ 'आरबी' ही दोन अक्षरं इतकी बारीक कोरलेली असतात की काच उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत. नख फिरवलं तर ती जाणवायला हवीत. नकली मालात बरेचदा नुसती छापलेली असतात. (वडिलांच्या कपाटात जुना रे-बॅन सापडला आणि त्यावर 'बीएल' दिसलं तर दचकू नका. १९९९ साली लक्झोटिका या इटालियन कंपनीने घेण्याआधी हा ब्रँड बॉश अँड लॉम्बचा होता.) काडीच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर, रंगाचा कोड आणि मापं असतात. एव्हिएटर या मॉडेलवर ३०२५ लिहून पुढे ५८ आणि १४ असेल, तर काच ५८ मिलिमीटर रुंद आणि दोन काचांमधलं अंतर १४ मिलिमीटर असा त्याचा अर्थ. कंपासपेटीतली पट्टी लावून हे मोजता येतं. मी भर दुकानात मोजलं आहे. दुकानदार बघत राहतो, पण त्याला बोलता काही येत नाही. जुन्या धाटणीच्या एव्हिएटरची हिरवट काच खरोखर काचेची असते. गालाला लावली तर थंड लागते, हातात वजनही जाणवतं.

'मेड इन इटली नाही म्हणजे नकली' हा आपल्याकडे पक्का बसलेला समज मात्र सोडून द्या. कंपनीचा कारखाना राजस्थानात भिवाडीलाही आहे, आणि 'मेड इन इंडिया' लिहिलेला रे-बॅन अस्सल असू शकतो. तसंच मोबाइलच्या स्क्रीनसमोर गॉगल फिरवून, स्क्रीन काळा पडला की 'बघा, ओरिजिनल!' म्हणणारे दुकानदार. काच पोलराइज्ड (चकाकी कापणारी) आहे एवढंच त्याने कळतं. तशी काच बिननावाच्या गॉगललाही बसवता येते.

घड्याळात नजर निम्मी चालते. डायलमध्ये छोट्या चकत्या असतील आणि घड्याळ क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं, असेल तर वरचं बटण दाबून बघा. काटा पळायला लागला पाहिजे, पुन्हा दाबल्यावर थांबला पाहिजे आणि खालच्या बटणाने जागेवर परतला पाहिजे. स्वस्त नकलेत चकत्या नुसत्या शोभेच्या असतात, काटे चिकटवलेले. मागच्या झाकणावर मॉडेल नंबर असतो. मायकेल कोर्सचा 'एमके'ने सुरू होतो, एम्पोरिओ अरमानीचा 'एआर'ने. अरमानी, डिझेल, मायकेल कोर्स या नावांची घड्याळं परवाना घेऊन फॉसिल कंपनी बनवते. त्यामुळे इटालियन नावाच्या घड्याळात जपानी मशीन निघालं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

पर्सजवळ आलं की नजर गडबडते, आणि बरेचदा उलट्या दिशेने: खऱ्याला खोटं ठरवते. अमेरिकेतल्या कोच आउटलेटमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पर्स मुख्य दुकानात कधी नव्हत्याच. त्या आउटलेटसाठीच बनवलेल्या असतात. चामडं जरा पातळ, अस्तर साधं, कड्या हलक्या. माल अस्सल कोचचा, पण मुख्य दुकानातल्या पर्सचे व्हिडिओ बघून तयार झालेल्या नजरेला तो नकली वाटतो. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी न्यू जर्सीहून आणलेल्या पर्सला इथल्या जाणकारांनी हातात घेताक्षणी 'डुप्लिकेट' म्हणून टाकलं होतं. मायकेल कोर्सचं लोगोवालं कापड मुळात प्लास्टिकचा थर दिलेलं असतं, त्यामुळे 'हे तर रेक्झिन आहे' हा आरोपही तिथे टिकत नाही. कोचच्या पर्समध्ये चामड्याच्या तुकड्यावर जो नंबर असतो तो त्या एकट्या पर्सचा नसतो. शेवटचे आकडे मॉडेलचे, आणि त्या मॉडेलच्या ढीगभर पर्सवर तेच. नकली बनवणारा तोच नंबर उचलून शिवतो. म्हणजे नंबर असणं हा पुरावा नाही, आणि छोट्या पर्समध्ये नंबर नसणं हा गुन्हा नाही. चेनवर वायकेके लिहिलंय म्हणून हुरळू नका. ती चेन जगभर कुणीही विकत घेऊ शकतो. पाकिटाला लायटर लावून दाखवणारा दुकानदार भेटला तर चामडं खरं आहे की नाही याचा थोडाफार अंदाज येईल. पण चामडं खरं आणि नाव खोटं, असंही असतं.

आता कागद. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, देश, महिना-वर्ष, सगळ्या करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा, असं वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. कोच किंवा अरमानी भारतात रीतसर आलं असेल तर त्याच्या खोक्यावर किंवा टॅगवर हे पांढरं स्टिकर असतं. डिस्काउंटच्या दुकानात नेमकं त्यावरच दुकानाचं स्वतःचं बारकोड स्टिकर चिकटवलेलं सापडतं. नखाने कोपरा उचला, खाली आणखी एक निघतं, आणि त्याखाली कधी आयातदाराचा पत्ता तर कधी कोरा पुठ्ठा. किंमत कमी करणारं स्टिकर लावायला हरकत नाही, पण त्याने मूळ एमआरपी झाकली जाता कामा नये, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा कोपरा उचलायला लाजू नका. आयातदाराचा पत्ताच नसेल तर माल नकलीच असेल असं नाही. कुणी बॅगेत घालून आणलेला असेल, दुबईमार्गे आलेला असेल. पण त्याची इथे जबाबदारी घेणारं कुणी नाही, हे तरी कळतं. ही माहिती कितीही शिलाई मोजून मिळत नाही.

मला कागदाच्या बाजूला ढकललं ते एका बिलाने. शहरातल्या एका मल्टिब्रँड डिस्काउंट दुकानातून चांगल्या नावाचं घड्याळ घेतलं. बटणं दाबून पाहिली, झाकणावरचा नंबर पाहिला, सगळं जागच्या जागी. बिल पक्कं, जीएसटी लावलेलं, छापील. काही महिन्यांनी काटा अडायला लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या मुलाने भिंग लावून घड्याळ पाहिलं, मग बिल पाहिलं. बिलावर लिहिलं होतं, 'वॉच जेंट्स, १ नग'. ब्रँड नाही, मॉडेल नाही. तो अगदी अदबीने म्हणाला, "सर, घड्याळ आमचंच वाटतं, पण वॉरंटीत घेता येणार नाही." ज्याची नजर सगळ्यात तयार, त्यानेही खरं म्हटलं, आणि त्या म्हणण्याची किंमत शून्य. दुकानात परत गेलो, म्हटलं बिलावर मॉडेल लिहून शिक्का तरी द्या. उत्तर मिळालं, "काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? बिल तं दिलं ना. आता त्याच्यावर रामायण लिहू का?"

हा प्रकार एका दुकानापुरता नाही. त्यानंतर मुद्दाम बघायला लागलो तर 'लेडीज पर्स', 'सनग्लास', 'बेल्ट मिक्स' अशी बिलं जागोजागी दिसली. यामागे लबाडीच असते असं मला म्हणायचं नाही. लॉटमध्ये घेतलेला माल कॉम्प्युटरवर एकाच नावाने चढवला की बिलही तसंच निघतं. पण पर्स, गॉगल, घड्याळ अशा मोघम नावाने विकलेली वस्तू उद्या नकली निघाली, तर दुकानदार सहज म्हणू शकतो की आम्ही कुठे कोच म्हणून विकली? शोकेसमध्ये भला मोठा कोचचा बोर्ड असला तरी तुमच्या हातात उरते फक्त 'लेडीज पर्स'.

म्हणून पैसे देण्याआधी आता मी एवढंच विचारतो: बिलावर ब्रँड आणि मॉडेल नंबर टाकून द्याल का? जो 'हो, सांगा नंबर' म्हणतो त्याच्याकडून घेतो. जो 'ओरिजिनलच आहे भाऊ, आपल्यावर भरोसा नाही का' म्हणतो, त्याच्या भरोशाबद्दल मला काही म्हणायचं नसतं. मी पुढच्या दुकानात जातो. जीएसटी नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, ते उभ्या-उभ्या कळतं. बिल द्यायचंच नाही म्हटलं, किंवा सदोष माल परत घ्यायला नकार दिला (बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत), तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. '१९१५' ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नकली मालावर ब्रँडचं नाव लावून विकणं हा तर ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाच आहे, किमान सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच बिलावर 'कोच' ही दोन अक्षरं लिहिताना नकली माल ठेवणाऱ्याचा हात अडखळतो.

कागदालाही खोट आहे, ती लपवत नाही. खोके, टॅग, वॉरंटी कार्ड, सगळंच छापून मिळतं. फर्स्ट कॉपीसोबत खोकं तर फुकट येतं. आउटलेटचं म्हणून दाखवलेलं परदेशी बिल कुणाचंही असू शकतं, त्यामुळे मी ते मोजतच नाही. मोजतो ते फक्त समोर बसलेल्या दुकानदाराचं, त्याच्या नावाचं बिल. आणि कागद वेळ खातो. दिवाळीच्या सेलमध्ये मागे रांग लागलेली असताना पोर्टल उघडून बसलं की बायको ओळख दाखवत नाही.

तर माझा हिशोब असा. पर्स असेल तर नजरेवर अजिबात जाऊ नका. ब्रँड आणि मॉडेल लिहिलेलं बिल मिळालं तरच घ्या, नाहीतर 'आवडली म्हणून घेतली' अशा किमतीला मिळत असेल तर घ्या. घड्याळाला बटणं दाबून बघा, पण वॉरंटीसाठी बिल लागणारच, म्हणजे फिरून कागदच. हजार-बाराशेच्या बेल्टसाठी मी यातलं काहीच करत नाही, बक्कल घट्ट आहे एवढं बघतो. गॉगलला मात्र तिसरीच गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि काळी पण यूव्ही न अडवणारी काच डोळ्यांना उघड्या उन्हापेक्षा वाईट ठरू शकते, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. घेतलेला गॉगल ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात न्या. बऱ्याच ठिकाणी यूव्ही तपासायचं छोटं मशीन असतं, क्षणात सांगतात, बहुधा पैसेही घेत नाहीत. त्यात नापास झाला तर परत करायला दुकानात जावं लागेल, आणि तिथे पहिलं वाक्य ऐकायला मिळेल, "बिल आहे का?"