३० सेंटिमीटरची पाएया, घरच्या गॅसवर

स्पेनमधल्या वलेन्सियाच्या मेर्कादो सेंत्राल या १९२८ सालच्या मंडईभोवती भांड्यांची दुकानं आहेत. दारातच पाएया टांगलेल्या दिसतात, एकट्या माणसापुरत्या छोट्या आणि गावजेवणाला पुरतील इतक्या मोठ्याही. पाएया हे मुळात या उथळ, दोन कड्यांच्या भांड्याचं नाव, त्यात शिजणाऱ्या भाताला ते नंतर चिकटलं. मी घेतली ती ३० सेंटिमीटरची, साध्या पॉलिश केलेल्या पोलादाची. इथे तिला ‘आसेरो पुलिदो’ म्हणतात. पंधरा युरोंच्या आत आली.

हातात घेतली तर अगदी हलकी, पत्राच म्हणा ना. जाड बुडाचं ते चांगलं भांडं, असं मानणाऱ्या घरात मी वाढले, म्हणून दुकानदाराला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, पातळच हवी. आच वाढवली की लगेच तापते, उतरवली की लगेच शांत होते. चार रविवार वापरल्यावर पटलं. जाड बुडाचं भांडं गॅस बंद केल्यावरही भात शिजवत बसतं आणि शितं फुटतात.

नवी पाएया आधी पाणी आणि व्हिनेगर घालून उकळायची, मग पुसून तेलाचा हात फिरवायचा. धुऊन ओली ठेवलीत तर सकाळी गंज हजर. बिडाच्या तव्याशी ज्यांचं जमतं, त्यांचं हिच्याशीही जमेल.

मापाबद्दल मात्र तक्रार आहे. चिठ्ठीवर ‘चार माणसांसाठी’ असं छापलंय. चौघांचा भात मावतो, यात शंका नाही, पण थर जाड होतो आणि मग तो भात आणि आपला पुलाव यात फरक काय उरला? थर बोटाच्या जाडीपेक्षा कमीच हवा. त्या हिशोबाने ही दोघांची, २०० ग्रॅम तांदळाची.

मी कोंबडीचीच करते. मूळ वलेन्सियन पाकृतीत ससाही असतो, तो मी घालत नाही. शेजारच्या आजी यावर काही बोलत नाहीत, फक्त भुवई उचलतात. ऑलिव्ह तेलात कोंबडीचे छोटे तुकडे चांगले लालबुंद होईपर्यंत परतायचे. इथे घाई केली की पुढे रश्श्याला चव येत नाही. मग रुंद चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो, म्हणजे वालापेक्षा कितीतरी मोठे, पांढरे, लोण्यासारखे मऊ होणारे दाणे. त्यावर किसलेला टोमॅटो. तो सुकून गडद झाला की पिमेंतोन ही लाल मिरचीची पूड घालायची आणि लगोलग पाणी, कारण ती करपली की कडू होते. पाणी कड्यांच्या रिव्हेटपर्यंत, म्हणजे मापाचं भांडं लागतच नाही. अर्धा तास उकळल्यावर ते थोडं खाली उतरतं. केशर, रोझमेरीची काडी, मीठ. चव या वेळी किंचित खारटच लागायला हवी, बाकीचं तांदूळ ओढून घेतो.

कांदा नाही. माझा हात दर वेळी कांद्याच्या टोपलीकडे जातो. आजींचं म्हणणं, कांद्याला पाणी सुटतं आणि भात गिळगिळीत होतो. केशराबाबत मात्र त्या इतक्या कडक नाहीत, त्यांच्या डब्यात पिवळ्या रंगाच्या पुड्या असतात आणि इथल्या पुष्कळ घरांत तेच चालतं.

तांदूळ सगळीकडे सारखा पसरला की चमचा बाजूला. ढवळायचं नाही, अजिबात नाही. पहिली आठेक मिनिटं मोठी आच, पुढची दहा मंद. शेवटी पाणी आटलं की आच पुन्हा मिनिटभर वाढवायची आणि कान द्यायचा. तळातून चर्र असा कोरडा आवाज येतो, भाजका वास सुटतो, तिथेच थांबायचं. ती तळाची कुरकुरीत खरवड म्हणजे सोकाराट. जेवताना भांडणं तिच्यावरूनच होतात. तिच्यासाठीच ही पाएया मी नॉनस्टिकशी बदलणार नाही, त्या भांड्यात तशी खरवड धरत नाही.

तांदूळ बोंबा जातीचा घेतला. महाग आहे, पण तिप्पट पाणी पितो आणि दोन मिनिटं जास्त झाली तरी मोकळा राहतो. शिकणाऱ्याने हाच घ्यावा. हात बसला की सेनिया जातीचा. तो रश्श्याची चव अधिक शोषतो, चवीला मला तोच आवडतो, पण नजर हटली की लगदा. दोन्ही आल्बुफेरा सरोवराकाठच्या खाचरांत पिकतात. बासमती चालणार नाही. आंबेमोहोर चवीला गोड, पण मऊ पडून चिकटतो.

घरच्या गॅसची ज्योत या भांड्याला अपुरी पडते. मधला भात खरपूस आणि कडेचा कच्चा, असं होतं. मी दर दोन मिनिटांनी भांडं सरकवते, वळवते. ३० सेंटिमीटरपर्यंत हे जमतं. त्यापुढे पाएयेरो, म्हणजे गोल कड्यांचा वेगळा बर्नर घ्यावा लागतो. तो घरात वापरायचा तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणाऱ्या झडपेचाच घ्या, साधा फक्त अंगणासाठी. आणखी एक: माझ्या पाएयेचा तळ मधून जरासा फुगीर आहे, तेल कडेला पळतं. ओटा सपाट नसेल तर ते एकाच बाजूला साचतं, तेव्हा आधी पाणी ओतून पाहा.

ठाण्याच्या बहिणीसाठी अशीच एक घेऊन गेले. तिच्याकडे इंडक्शन आहे. पोलाद असल्याने शेगडी भांडं ओळखते, पण पातळ तळ आणखी फुगतो आणि मधेच तापतो. तिला सांगितलंय, गॅसचा सिलिंडर परत करू नकोस.